लाकडी कड्याचे हातजाळे: पट्ट्या वाकवण्यापासून पिशवी विणण्यापर्यंत

गळाला लागलेला मासा पाण्यातून अलगद उचलण्यासाठी वापरायचे लहान हातजाळे, ज्याला गळ टाकणारे हौशी लोक ‘लँडिंग नेट’ म्हणतात, ते आज ॲल्युमिनियमच्या कड्याचे आणि प्लॅस्टिकच्या मुठीचे कुठेही विकत मिळते. तरीही ब्रिटनमध्ये आणि उत्तर अमेरिकेत ट्राउट नावाच्या माशासाठी वाहत्या पाण्यात उतरणारे लोक लाकडी कड्याचे जाळे अजून आवडीने बाळगतात आणि त्यांतले बरेच जण ते स्वतः बनवतात. पातळ लाकडी पट्ट्या साच्याभोवती वाकवून, एकमेकींना चिकटवून त्यांचे पानाच्या किंवा थेंबाच्या आकाराचे कडे करायचे, त्यात मूठ बसवायची आणि खाली जाळ्याची पिशवी टांगायची, अशी ही रीत आहे. जुन्या लाकडी टेनिस रॅकेटीही याच तत्त्वावर होत असत. हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर परवाना काढून ट्राउटसाठी जायला लागल्यावर मी पुण्यात घरच्या गच्चीवर अशी जाळी करू लागलो. त्या अनुभवातून येथे क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हे जाळे मासा पकडण्यासाठी नसून पकडलेला मासा इजा न होता परत सोडण्यासाठी आहे. कड्याची रुंदी, पिशवीची खोली, दोऱ्याचा मऊपणा आणि गाठीचा बारीकपणा हे सगळे त्यावरूनच ठरते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासूनचे संरक्षण असते. खरखरीत जाळ्याने तो थर खरवडला जातो आणि परांच्या कडा फाटतात, मग मासा पोहून गेला तरी पुढे बुरशी लागून मरू शकतो. म्हणून दिखाऊ जाळ्यापेक्षा मऊ आणि उथळ जाळे चांगले.

माप आणि साचा

तीस-चाळीस सेंटिमीटर लांबीच्या माशासाठी कड्याची आतली लांबी ३८ सें.मी. आणि रुंदी २८ सें.मी. पुरेशी होते. वरचा भाग १४ सें.मी. त्रिज्येचे सरळ अर्धवर्तुळ ठेवावा आणि तिथून दोन्ही बाजू हळूहळू निमुळत्या होत मुठीकडे याव्यात. मुठीजवळ, म्हणजे जाळ्याच्या मानेशी, वळण उलटे होते. बाहेर फुगलेली रेषा तिथे आत वळून मुठीच्या कडेला समांतर होते. सगळ्या कामात ही मान सर्वांत अवघड जागा आहे. नवख्या माणसाने हे उलटे वळण शक्य तितके सौम्य काढावे.

जाड कागद उभा दुमडून त्यावर अर्धाच आकार काढावा आणि दुमडलेलाच कापावा, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. मुठीचा वरचा १२ सें.मी.चा भागही याच आकारात धरावा, कारण पट्ट्यांची टोके त्याच्या दोन्ही अंगांनी खाली उतरणार असतात. हा आकार १८ मि.मी. जाडीच्या प्लायवूडवर उतरवून बारीक पात्याच्या करवतीने कापावा. कापताना बाहेरचे उरलेले तुकडे टाकून देऊ नयेत. मानेच्या उलट्या वळणात पट्ट्यांना बाहेरून दाबण्यासाठी तेच ठोकळे म्हणून उपयोगी पडतात. साचा दुसऱ्या मोठ्या फळीवर स्क्रूने बसवावा. क्लॅम्पचे, म्हणजे आवळून धरणाऱ्या पकडीचे, आतले टोक अडकवण्यासाठी साच्याच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आत, फळीसकट आरपार, साधारण ४० मि.मी. व्यासाची भोके ओळीने पाडून घ्यावीत. कडांना आणि फळीला रुंद चिकटपट्टी लावून त्यावर मेणबत्ती घासावी, नाहीतर कडे साच्यालाच चिकटून बसते.

लाकूड

परदेशात यासाठी प्रामुख्याने ॲशचे लाकूड वापरतात. त्याचे तंतू लांब आणि सरळ असतात आणि ते वाकवताना तुटत नाही. आपल्याकडे बाहेरून आलेले ॲश मोठ्या शहरांतल्या काही वखारींत मिळते, पण माझी पहिली पसंती तुतीला आहे. पंजाबात आणि मेरठकडे हॉकी स्टिकसाठी तुतीच वापरत आले आहेत, कारण ती वाकते आणि धक्काही सोसते. साग पाण्यात टिकतो, पण तीव्र वळणाला तो तितका राजी नसतो. शिवाय त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे गोंद नीट धरत नाही. सागच घ्यायचा असेल तर चिकटवण्याच्या अगदी थोडा वेळ आधी पट्ट्या ॲसिटोनने पुसून घ्याव्यात. मुठीला मात्र वाकायचे नसल्यामुळे तिथे शिसव, साग किंवा आवडेल ते घट्ट लाकूड चालते. फिकट कड्याला शिसवीची गडद मूठ शोभतेही. शिसवीचा भुसा अनेकांच्या नाकाला आणि कातडीला बाधतो, म्हणून घासताना तोंडाला मास्क लावावा.

लाकूड निवडताना किमतीपेक्षा रेषांकडे लक्ष द्यावे. फळीच्या कडेकडून पाहिले असता रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत फळीला समांतर धावत असतील तर ती फळी घ्यावी. त्या तिरक्या होऊन मध्येच कडेबाहेर निघत असतील तर पट्टी नेमकी तिथेच तुटणार, मग लाकूड कितीही महाग असो. गाठ असलेला भागही नको. पाच फूट, म्हणजे सुमारे १५० सें.मी. लांबीच्या, २० मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड अशा तीन पट्ट्या लागतात. कड्याचा घेर साधारण १०२ सें.मी. होतो, दोन्ही टोके मुठीलगत १२-१२ सें.मी. उतरतात आणि बाकीची लांबी हाताळण्यासाठी व शेवटी छाटण्यासाठी राहते. वखारीतूनच साडेतीन-चार मि.मी. जाडीला चिरून आणाव्यात आणि घरी रंधा मारून ३ मि.मी.वर आणाव्यात. दोन पट्ट्या जास्तच करून ठेवाव्यात, कारण एखादी मोडते. रंधा मारून झाल्यावर प्रत्येक पट्टी दोन्ही हातांत धरून हळूच कमान करून पाहावी. चांगली पट्टी अखंड, गोल वाकते. दोष असलेली पट्टी एका ठिकाणी कोपर केल्यासारखी दुमडते आणि तिथून बारीक करकर ऐकू येते. तो आवाज ऐकला की ती पट्टी बाजूला ठेवावी.

पट्ट्या वाकवणे

उष्णता आणि ओलावा मिळाला की लाकडाचे तंतू धरून ठेवणारा घटक मऊ होतो आणि लाकूड वळण घेते. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की लाकूड दबायला बरेच तयार असते पण ताणायला फारसे तयार नसते, त्यामुळे मोड नेहमी बाहेरच्या अंगाने सुरू होतो. ३ मि.मी.च्या पट्टीला १४ सें.मी. त्रिज्येचे वळण देताना बाहेरच्या अंगावर साधारण एक टक्का ताण येतो, आणि गरम, ओली पट्टी तो सहज सोसते.

पट्ट्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी दोन इंची लोखंडी पाइपचे एक टोक पक्के बंद करून, तो तिरका टेकवून, आत पाणी भरून खालून शेगडीने उकळावे आणि पट्ट्या त्यात २० ते २५ मिनिटे सोडाव्यात. वरचे तोंड फडक्याने सैल झाकावे. ते घट्ट बंद कधीही करू नये, वाफ कोंडल्यास धोका आहे. प्लॅस्टिकचा पाइप उष्णतेने ढिला पडतो, तो घेऊ नये. जाड हातमोजे घालून तीनही पट्ट्या एकदम बाहेर काढाव्यात, मध्यावर आधी केलेली पेन्सिलची खूण साच्याच्या शेंड्याला जुळवावी, तिथे पहिला क्लॅम्प लावावा आणि मग दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, न थांबता पट्ट्या साच्याला लपेटत खाली याव्यात. हे काम अर्ध्या-पाऊण मिनिटात व्हायला हवे, त्यानंतर पट्ट्या थंड होऊन अडतात. म्हणून क्लॅम्प आधीच उघडून हाताशी मांडून ठेवावेत आणि शक्य असल्यास मदतीला एक माणूस घ्यावा. मानेपाशी बाहेरचे ठोकळे लावून दाबावे.

या वेळी गोंद लावायचा नाही. पट्ट्या साच्यावर तशाच वाळू द्याव्यात. उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात, पावसाळ्यात आठवडाही लागतो. आतली दमट पट्टी बोटाला गार लागते, तो गारवा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझे पहिले जाळे या घाईनेच फसले. पट्ट्या अर्धवट ओल्या होत्या, त्यात मी घरातला साधा पांढरा गोंद वापरला, आणि तीर्थनच्या थंड पाण्यात दुसऱ्याच दिवशी मानेपाशी थर सुटून कडे उमलले. त्या वेळी जाळ्यात असलेला मासा सुटून गेला, त्याला काही झाले नाही, याचे समाधान वाटले.

चिकटवणे

गोंद पाण्यात टिकणारा हवा. दोन भाग मिसळून करायचा, सावकाश पक्का होणारा इपॉक्सी मला सर्वांत भरवशाचा वाटतो. अराल्डाइटचा चोवीस तासांचा प्रकार चालतो, पाच मिनिटांत आवळणारा नको, कारण तो क्लॅम्प लावून होण्याआधीच धरतो. फेविकॉल मरीनसारखा जलरोधक गोंदही या जाळ्याला चालतो, मात्र त्यासाठी सांधे अधिक नेमके बसावे लागतात. वाळलेल्या पट्ट्या सोडवून चिकटणाऱ्या बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या खरखरीत कराव्यात, भुसा पुसावा आणि दोन्ही भिडणाऱ्या पृष्ठांना पातळ, सलग थर लावावा.

पुन्हा शेंड्यापासून खाली क्लॅम्प लावत यावे, साधारण दर सात-आठ सेंटिमीटरला एक. म्हणजे चौदा-पंधरा क्लॅम्प लागतात. इतके नसतील तर सायकलची जुनी ट्यूब लांब चिरून तिच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कराव्यात आणि भोकांतून ओवत, ताणून ताणून साच्यासकट कडे गुंडाळावे. रबराचा दाब सगळीकडे सारखा पडतो, आणि मला तर तो क्लॅम्पपेक्षा उजवा वाटतो. इपॉक्सीला फार आवळणे मानवत नाही, सगळा गोंद बाहेर पिळून निघतो आणि सांधा कोरडा राहतो. कडेने गोंदाची बारीक, सलग धार दिसली की दाब बरोबर आहे असे समजावे. पट्ट्या वर-खाली सरकल्या असतील तर लाकडी ठोकळ्याने ठोकून त्याच क्षणी एका पातळीत आणाव्यात. दोन दिवस हात लावू नये.

साच्यावरून उतरवल्यावर कडे किंचित उघडते, पण तीन थर एकमेकांना धरून असल्यामुळे ते फारसे नसते. आता साच्याचा मुठीकडचा भाग कापून वेगळा करावा आणि त्याच्या कडा हुबेहूब मुठीच्या लाकडावर उतरवाव्यात. मुठीसाठी २२ मि.मी. जाड आणि एकूण ३० सें.मी. लांब लाकूड घ्यावे. त्यातला वरचा १२ सें.मी.चा निमुळता भाग कड्याच्या दोन पायांमध्ये जातो. इथे घाई नको. कानशीने थोडे घासावे, बसवून पाहावे, उजेडासमोर धरावे. सांध्यातून उजेडाची रेघ दिसते तिथे लाकडे भिडलेली नाहीत, आणि उरलेल्या जागी ती अजून चढी आहेत. पेन्सिलीचे शिसे कड्याच्या आतल्या बाजूला चोळून मूठ दाबली की चढ्या जागांवर काळे डाग उमटतात, तेवढेच घासायचे. या सांध्याला मी संपूर्ण एक सकाळ देतो. बसला की इपॉक्सी लावून दोन्ही बाजूंनी आवळून ठेवावे.

घडवणे, भोके आणि पॉलिश

जमलेल्या गोंदाची धार पटाशीने काढून, दोन्ही तोंडे रंध्याने सपाट करून कड्याची रुंदी १५-१६ मि.मी.वर आणावी. धारदार कडा कानशीने मोडून सगळीकडे गोलाई द्यावी. आतल्या बाजूला ती जास्तच द्यावी, कारण मासा तिथूनच आत सरकतो. मूठ आपल्या हाताच्या मापाने घडवावी. डोळे मिटून ओल्या हाताने धरली असता ती कुठे टोचता कामा नये आणि निसटताही कामा नये. शेवटचा हात फिरवायला फुटक्या काचेचा तुकडा घेण्याची आपल्याकडच्या जुन्या सुतारांची पद्धत उत्तम आहे, फक्त मागच्या कडेला जाड कापड गुंडाळावे. त्यानंतर ८०, १२०, १८० आणि २४० नंबरचे पेपर क्रमाने. मग ओले फडके फिरवून वाळू द्यावे. उभे राहिलेले बारीक तंतू २४० नंबरने पुन्हा काढून टाकावेत.

पिशवी कड्याला ओवण्यासाठी कड्याच्या बाहेरून आत जाणारी २.५ मि.मी.ची भोके पाडायची असतात. दोन भोकांत पावणेदोन सेंटिमीटर अंतर ठेवले, तर मानेपासून मानेपर्यंत सुमारे ५६ भोके बसतात. हा आकडा लिहून ठेवावा, कारण पिशवीच्या पहिल्या ओळीचे डोळे, म्हणजे जाळ्याची घरे, तेवढेच घालायचे आहेत. भोके रुंदीच्या बरोबर मध्यावर यावीत. ड्रिल करताना आतल्या बाजूला टाकाऊ लाकूड टेकवून धरले म्हणजे बाहेर पडताना लाकूड फुटत नाही. बाहेरच्या बाजूला भोकांच्या ओळीवरून दीड-दोन मि.मी. खोल खोबण काढावी. ओवलेली दोरी त्या खोबणीत दडते आणि दगडांवर घासून तुटत नाही. मुठीच्या टोकाला अडकवणीची दोरी बांधण्यासाठी एक मोठे भोक पाडावे.

पॉलिशसाठी बोटींना लावतात तसे, पाण्याला आणि उन्हाला टिकणारे व्हार्निश घ्यावे. पहिला हात टर्पेंटाइनने निम्मा पातळ करून, म्हणजे तो लाकडात मुरतो, आणि नंतरचे चार हात घट्ट. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवावा. बहुतेक लोक भोकांच्या आत व्हार्निश घालायचे विसरतात, आणि पाणी नेमके तिथूनच शिरून कडे काळे पडू लागते. आगकाडीला कापसाचा पातळ बोळा गुंडाळून तो व्हार्निशमध्ये बुडवावा आणि प्रत्येक भोकातून फिरवावा. भर पावसाळ्यात हे काम काढू नये, दमट हवेत व्हार्निश दुधाळ होते.

पिशवी

विणलेली, गाठीची पिशवी ही जुनी रीत आहे. माशाच्या दृष्टीने बिनगाठी किंवा रबराची तयार पिशवी अधिक सुरक्षित असते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मोठे मासे रोज सोडणार असाल तर तीच विकत घेऊन ओवावी. पण हाताने विणायचीच असेल तर दीड मि.मी. जाडीची मऊ, विणीची सुती दोरी घ्यावी आणि नायलॉनचा मोह टाळावा. साधारण ७० मीटर दोरी लागते. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव जाळी दुरुस्त करताना जी चपटी, मध्ये जीभ असलेली सुई वापरतात तीच इथेही लागते. तिच्या जोडीला १२ मि.मी. रुंद, गुळगुळीत बांबूची पट्टी मापासाठी करावी. सगळे डोळे सारखे येतात ते या पट्टीमुळे.

एका जाड दोरीचे रिंगण करून त्यावर पट्टीच्या मापाने ५६ डोळे घालावेत. पुढची ओळ अशी विणतात: पट्टी वरच्या डोळ्यांच्या खाली धरायची, दोरी पट्टीवरून खाली नेऊन मागून वर आणायची, सुई वरच्या डोळ्यातून काढायची आणि डोळ्याचे खालचे टोक पट्टीच्या वरच्या काठाला भिडेपर्यंत ओढायची. नेमक्या त्या टोकावर डाव्या हाताचा अंगठा दाबून धरायचा. मग दोरीचा सैल वळसा डावीकडे वर टाकायचा, सुई डोळ्याच्या दोन्ही पायांच्या मागून नेऊन त्या वळशातून बाहेर काढायची आणि आवळायची. अंगठा ढिला पडला तर गाठ डोळ्याच्या टोकाखाली घसरते. दिसायला ती गाठ बरोबर वाटते, पण ओढल्यावर सरकते आणि डोळा लहान-मोठा होतो. म्हणून पहिल्या दोन ओळींतली प्रत्येक गाठ दोन्ही बाजूंना ओढून तपासावी. पुढे हाताला वळण लागते.

अशा २४ ओळी साध्या विणाव्यात. मग आटवायला, म्हणजे डोळे कमी करत जायला, घ्यावे. एका ओळीत सहा डोळे साधे विणून पुढचे दोन एकत्र घ्यायचे, असे सात वेळा केले की ४९ डोळे उरतात. त्यानंतरची ओळ साधी. मग पाच साधे आणि दोन एकत्र, म्हणजे ४२. असे एकाआड एक ओळ आटवत १४ डोळे उरले की त्यांतून दोरी ओवून तळ बंद करावा. पिशवी सुमारे २५ सें.मी. खोल होते आणि तळ चापट राहतो, त्यामुळे मासा पिशवीत गुंडाळला न जाता आडवा पडून राहतो. खोल पिशवीत तो उलटासुलटा होतो आणि त्याचे पर डोळ्यांत अडकतात.

सुरुवातीची रिंगणाची दोरी काढून एकेक डोळा एकेका भोकासमोर धरावा. ओवणीची दोरी भोकातून आत आणून डोळ्यातून काढावी, त्याच भोकातून परत बाहेर न्यावी आणि खोबणीतून पुढच्या भोकाकडे न्यावी. दोन्ही टोके मानेशी पक्की बांधून गाठीवर व्हार्निशचा थेंब सोडावा.

वापरताना पिशवी आधी पाण्यात भिजवून घ्यावी. जाळे माशामागे मारू नये. ते पाण्यात स्थिर धरून मासा डोक्याच्या बाजूने त्यावर ओढून आणावा आणि मग उचलावे. गळ काढेपर्यंत मासा पाण्यातच ठेवावा. तीर्थनवर मला हे माप पुरते. आपल्याकडच्या महाशीर माशासाठी, ज्याचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून १८३९ साली केले, कडे निदान दीडपट मोठे आणि पट्ट्या चार घ्याव्या लागतील.

घरी आल्यावर जाळे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगावे. दरवर्षी हंगामाच्या आधी ओवणीची दोरी काढून भोकांभोवतीचे व्हार्निश तपासावे, पांढरे पडले असेल तिथे घासून नवा हात द्यावा आणि दोरी बदलावी.